मागच्या सीटवरची मैलाच्या दगडांची यादी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रोज दीड तास बसायचं, त्यातला पाऊण तास बस एकाच जागी उभी असते, आणि शेजारची माणसं बोलकी असली की किस्से आपोआप साठतात. आमच्या मागच्या सीटवर तर इतके साठलेत की कंपनी बदलायचा विचार आला की आधी बस आठवते.

सीटवर आम्ही चौघं. मी क्वालिटीत. स्टोअरचे बाळासाहेब, मूळ मोशीचे. डिझाइनमधला ओंकार, याचं लग्न ठरतंय ठरतंय म्हणून तीन वर्षं झाली. आणि टूलरूमचे मोहनराव, लातूरकडचे, वयानं आणि मानानं सगळ्यांत मोठे.

एकदा ओंकारनं मोबाइलवर एक यादी वाचून दाखवली. व्हिडिओ गेमच्या इतिहासात कोणकोणते ॲडव्हेंचर गेम मैलाचे दगड आहेत, अशी. बाळासाहेब म्हणाले, दुसऱ्यांची यादी आपल्याला कशाला, आपली आपण करू. लगेच नियम ठरला. गेम भारी आहे एवढं सांगून भागणार नाही, त्या गेमनं तुमच्या घरात काय घडवलं ते सांगायचं. पटलं तर बाकीचे हात वर करणार. यादी मी लिहायची, रिजेक्ट रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला. गेमची खरी नावं कोणालाच आठवत नव्हती, कारण सगळ्यांच्या सीड्या पिंपरी कॅम्पातल्या, वर मार्करनं नुसतं 'गेम ४' लिहिलेल्या!

*

पहिला नंबर बाळासाहेबांच्या समुद्री चाच्यांच्या गेमचा. टाइप करायची कटकट गेली, माउसनं क्लिक केलं की काम झालं, हे ओंकारच्या मते त्याचं ऐतिहासिक महत्त्व. त्यात हिरो दिसेल ती वस्तू उचलून खिशात टाकतो, दोर म्हणू नका, कोंबडी म्हणू नका.

बाळासाहेबांचा गेम मात्र तीन आठवडे एका घरात अडकला. टेबलावर किल्ली समोर दिसत होती, पण हे उचलेनात. बायकोनं विचारलं तर म्हणाले, "घरमालकाला इचारल्याबिगर न्हाई उचलायची."

बावीस वर्षं स्टोअरमध्ये स्लिपशिवाय बोल्टसुद्धा न दिलेला माणूस! शेवटी हे आंघोळीला गेलेले असताना वहिनींनी किल्ली उचलली. बाळासाहेब अजून म्हणतात, तो गेम मी जिंकलेलो नाही, हिनं जिंकलाय. तीनही हात वर गेले.

*

ओंकारचा गेम बेटाचा. निर्जन बेट, माणूस नाही की काणूस नाही, फक्त चित्रं आणि कोडी. तो खेळायला मिळावा म्हणून लोकांनी कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह बसवून घेतले, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वडिलांनी तरी घेतला होता.

वडील प्रेस शॉपला होते, पत्रे ठोकणाऱ्या मशीनवर. दिवसभर कानाशी धाडधाड. घरी आले की कोणाशी बोलायचे नाहीत, टीव्ही लावू द्यायचे नाहीत. एक दिवस ओंकारच्या गेममधल्या लाटांचा आवाज ऐकून ते खुर्ची ओढून शेजारी बसले. मग रोजच बसायला लागले. कोडं काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही.

"शेवटचं कोडं मला सुटलं होतं," ओंकार म्हणाला, "पण मी सोडवलंच नाही. गेम संपला असता ना."

हात वर करायचं कोणाला सुचलं नाही. मी आपणहून लिहून टाकलं.

*

त्या बेटाचं मोहनरावांना फार कौतुक वाटलं. ओंकारनं लॅपटॉप दिला, तर यांनी बेटाचा नकाशाच काढून आणला. तोही टूलरूमच्या पद्धतीनं. तीन बाजूंनी दिसणारं बेट, प्रत्येक पुलाचं माप, आणि मापापुढे टॉलरन्स, किती कमीजास्त चालेल तोही आकडा! मी तो जपून फाइलीत ठेवला. फाइल कोणती, हे पाहिलं नाही.

चार दिवसांनी कस्टमरच्या इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, लॉटचे रिपोर्ट मिळाले. त्यात एक बेट आलंय." वर माझा 'ओके'चा शिक्का होता.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "ते जाऊ द्या. बोगद्याला मागून एक दार आहे, ते ड्रॉइंगमध्ये राहिलंय."

मोहनराव दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी सुधारित ड्रॉइंग घेऊन आले.

*

यानंतर वर्षभरानं घडलेला किस्सा सांगायला मला आवडत नाही. मोहनरावांनी बनवलेला एक गेज, म्हणजे पार्ट मापात आहे का ते बघायचं साधन, माझ्याकडे तपासायला आला आणि तोच मापात बसेना. मी तीनदा मोजला. त्यांचं काम रिजेक्ट करायची वेळ कधी आलीच नव्हती. सांगायला गेले तर ते शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर हाय ताई. व्हर्नियरच्या रेघा मला चार महिने झाले दिसंनात."

शुगरनं डोळ्यांचे पडदे गेले होते. चार महिने ते बोटांच्या अंदाजानं मापं घेत होते. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. कंपनीनं बरं वागवलं, ट्रेनिंग सेंटरमध्ये मुलांना हातकाम शिकवायला या म्हणाली. मोहनराव म्हणाले, दिसत नाही त्यानं कोणाला काय दाखवायचं? त्यांनी मुलीकडून राजीनामा टाइप करून घेतला, अंदाजानं सही केली आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात द्यायला माझ्याकडे सोपवला. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसू लागले. आम्ही एकमेकांना मोबाइल दाखवायचो, त्याची मला लाज वाटायला लागली.

*

त्या शेवटच्या आठवड्यात ओंकारनं एक गेम आणला. म्हणाला, हा सगळ्या ॲडव्हेंचर गेमचा आजा. यात चित्र नावाला नाही, नुसती अक्षरं. तुम्ही कुठे आहात ते गेम लिहून सांगतो, तुम्ही दिशा टाइप करायची. ओंकार इंग्रजी वाचून मराठीत सांगायचा. जमिनीखालच्या गुहा, शेकडो वाटा, हातात एक दिवा. आम्ही तिघं रोज हरवायचो. मोहनराव खिडकीकडे तोंड करून ऐकायचे.

शेवटच्या दिवशी बस तळवड्याच्या चौकात अडकली आणि गुहेत आमचा दिवा विझला. ओंकार वाचायचा थांबला, कारण वाचायला काही उरलंच नव्हतं. अंधारात गेम काही सांगत नाही, चुकीचं पाऊल पडलं की खड्डा. बाळासाहेब म्हणाले, "मेलो आता." आज ऑफिसात द्यायचा राजीनामा माझ्या पर्समध्ये होता.

मोहनरावांनी खिडकीकडचं तोंड आमच्याकडे फिरवलं.

"पश्चिमेला घे," ते म्हणाले. ओंकारनं टाइप केलं. "आणखी पश्चिम. आता वर. थांब, उजव्या अंगाला खड्डा हाय. दक्षिण."

असं ते एकेक पाऊल सांगत गेले. बाराव्या पावलाला ओंकारच्या मोबाइलवर अक्षरं उमटली. ऊन, झाडं, ओढा. आम्ही बाहेर आलो होतो.

बाळासाहेबांनी दोन्ही हात वर केले.

बस कंपनीच्या गेटमध्ये शिरली तशी मोहनरावांनी चाचपून डब्याची पिशवी उचलली आणि उठता उठता म्हणाले, "ओंकार, उद्या पहिल्यापासून लावू. दिवा घेऊच नको."