दुसरीच्या तोंडी माझं भाषण
मैदानावर ओल्या चुन्याचा वास आला की मला नववीतली सव्वीस जानेवारी आठवते. घनसावंगीकडच्या आमच्या गावात त्या वर्षीचं भाषण मी लिहिलं होतं. घरच्यांनी ते त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकावं म्हणून ओढ्याकाठी एकटीनं पाठ केलं होतं. मी बोलणार म्हणून वडील कापूस वेचायची मजुरी बुडवून, धुतलेला सदरा घालून आले होते. झेंडावंदनाआधी सरांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि सरपंचांच्या मुलीला दिला. "लिहिलंयस चांगलं," ते म्हणाले, "पण समोर गावातली मोठी माणसं बसलीत. तुमच्या बौद्धवाड्यातली बोली त्यांच्यापुढं बरी दिसत न्हाई." मी मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिले. ती मुलगी वाचताना दोनदा अडखळली. पुढची ओळ मी ओठातल्या ओठात पुरी केली. टाळ्या वाजल्या. सगळ्यात मागं, कुंपणाजवळ उभे असलेले वडीलही टाळ्या वाजवत होते. घरी जाताना ते म्हणाले, "तुझा नंबर लागला न्हाई तर राहू दे. पण काय बोलली ती पोरगी! काळजाला लागलं बघ. तू बी शिक तसं बोलायला." मी म्हणाले, "शिकते, बाबा." आता मी सभांमधून तासतासभर बोलते, लोक ऐकतात. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. ते शब्द माझे होते, एवढं एक वाक्य मला त्यांच्याशी कधीच बोलता आलं नाही.