झाडलोटीतली चांदी

हुपरीहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. चांदीच्या कारखान्यात पैंजणांना पॉलिश करायचा. खोकला आला की रुमाल तोंडावर धरायचा आणि न झटकता जपून घडी घालायचा.

"झटका की खिडकीबाहेर," मी वैतागून म्हणालो.

"सवय न्हाय, पावणं. आमच्यात काय बी वाया जात न्हाय. दुकानातली जुनी पैंजणं परत येत्यात, वितळत्यात. झाडलोट, हात धुतलेलं पाणी, फाटका शर्ट बी मालक ठेवून घेत्यात. जाळून चांदी काढत्यात."

असल्या काटकसरीचं मला भारी कौतुक. "झकास की!" मी म्हणालो.

दवाखान्याचा थांबा आला. एक्स-रेचं पाकीट काखेत धरून तो उठला.

"छातीत गेल्याली चांदी तेवढी काढायची ऱ्हायली बगा."