गोळीबार बघत जेवणारी माणसं

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. तीन पन्नाशीची माणसं, एक कॅरमबोर्ड आणि तिघांत मिळून एक पासवर्ड, एवढं भांडवल पुरतं. आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्याला मी, सावंत आणि कांबळे कॅरम खेळायचो. बँकेतल्या कांबळेने सिरीजचा पासवर्ड दिला आणि कॅरम संपला! आता यूपीतलं एखादं गाव, गावठी कट्टे, अस्सल शिव्या, आणि चहा गार व्हायच्या आत एक मुडदा. आयुष्यात दुसरं काय हवं?

* * *

सावंत म्हणजे भाजीवाल्याला सडकं वांगं परत करताना 'सॉरी' म्हणणारा माणूस. पण जेवताना त्याला समोर खूनच लागतात. परवा पडद्यावर भर लग्नात गोळीबार झाला. नवरदेवासकट अर्धं वऱ्हाड आडवं. सावंत कळवळला, "अरेरेरे!"

वहिनींना वाटलं, चला, काळीज शाबूत आहे.

तर म्हणतो, "अगं, आमटीत मीठच नाही!"

* * *

मी एकदा विचारलंच, "कांबळे, यात एवढं आहे काय?"

"रिअ‍ॅलिझम!" कांबळे म्हणाला. "ती धूळ बघ नुसती. नाकात जाते!"

कांबळे उत्तरेकडे कल्याणच्या पलीकडे कधी गेलेला नाही. आणि आमच्या शेजारी टॉवरचं खोदकाम चालू आहे, कॅरमबोर्डावर बोटभर धूळ बसलेली. ती मात्र रिअल नाही. तिच्याबद्दल त्याने महापालिकेत तक्रार केली आहे.

* * *

सावंतने शोध लावला की खरा डॉन कधी ओरडत नाही. हळू बोलतो आणि मध्ये पॉज घेतो. त्याचा मुहूर्त चाळीच्या मीटिंगला. विषय, गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी. सावंत विरोधात. उभा राहिला, एकेकाच्या डोळ्यांत बघितलं, आणि अगदी खालच्या पट्टीत म्हणाला, "एक गोष्ट... सांगतो..."

आणि पॉज घेतला.

दुसऱ्या मजल्यावरच्या परबकाकी म्हणाल्या, "काय रे, इसारलंस काय?"

तेवढ्यात ठराव पास! सावंतची बनियनं तेव्हापासून हॉलमध्ये पंख्याखाली वाळतात.

* * *

मग खरा एपिसोड आला. सावंतच्या मुलीने, मधुराने घरी सांगितलं की तिला ऑफिसमधल्या विवेकशी लग्न करायचंय. विवेक कुठला? तर थेट सिरीजमधल्यासारख्याच गावचा!

"वडील काय करतात?"

"बिझनेस. लोखंडी कपाटांचा."

सावंत पांढराफटक पडून खाली आला. कांबळे तज्ज्ञ. तो म्हणाला, "कपाटं वरवर रे. आत काय असतं ते विचार!"

मधुरा बापाला ओळखून होती. "बाबा, रविवारी ते लोक येतायत. तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न करणार नाही. पण का नाही, ते त्यांच्या तोंडावर सांगायचं."

एकुलती एक मुलगी. आणि कारण काय सांगणार? सीझन टू?

* * *

रविवारी सावंतने वहिनींना सुऱ्या लपवायला सांगितलं.

"आणि भाजी काय दातांनी चिरू?"

आम्हा दोघांना त्याने 'ताकद' म्हणून कॉटवर बसवलं. माझी कंबर धरलेली. कांबळेचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे घरातसुद्धा काळा चष्मा. अशी ताकद!

विवेक आई-वडिलांना घेऊन आला. वडील चणीने बारीक, हातात पेढ्यांचा बॉक्स, कपाळावर घाम. बायकोच्या हातात एकही बांगडी नाही. ते दाराजवळच टेकले. चहाचा कप हातात, नजर दाराबाहेर. सावंतचीही.

शेवटी त्यांनी हात जोडले. "भाईसाहब, बुरा मत मानिएगा. घर पे सबने मना किया था. बोले, लालबाग-परेल में रिश्ता? पिक्चर में देखा नहीं, वहाँ क्या-क्या होता है? गहने भी इसीलिए उतरवा दिए. नीचे टैक्सी में दो साले बैठे हैं हमारे."

सावंतने दाराकडे बघत विचारलं, "साले... किसलिए?"

"हिम्मत के लिए लाए थे. अब ऊपर ही नहीं आ रहे."

मधुरा बापाकडे बघत होती. विवेक जमिनीकडे. सावंतने त्या घामेजलेल्या माणसाकडे नीट बघितलं, आपला कप खाली ठेवला आणि एकही पॉज न घेता बोलला.

"टॅक्सी छोड दो. दोनों को ऊपर बुलाओ, पुरी ठंडी हो रही है. अब तो आना-जाना होयेगाच!"

मधुराने आईला मिठी मारली. विवेकच्या वडिलांनी रुमाल काढून घाम पुसला. मग जरा पुढे सरकले आणि कॉटवरच्या काळ्या चष्म्याकडे डोळ्यांनी खूण करत सावंतच्या कानाशी कुजबुजले,

"और... उनकी भी हाँ है ना?"

कांबळेने चष्मा काढला नाही. मान फक्त एकदा, अगदी सावकाश हलवली.