जुमुआ पेठेतल्या अक्का

शुक्रवार पेठेत राहणाऱ्या सिस्टरअक्का रिक्षात बसल्या की पत्ता सांगताना 'जुमुआ पेठ' म्हणत, आणि रिक्षावाला त्यांना बिनबोभाट घरापाशी आणून सोडी. एखाद्या नव्याने "कुठं म्हणालासा?" असं विचारलंच, तर त्याची शिकवणी घर येईपर्यंत चाले. "जुमुआ म्हंजे शुक्रवार. अवघड काय हाय त्यात? पुढच्या वक्ताला मी इचारणार." आणि त्या खरंच विचारत.

सिस्टर हे नाव नोकरीतून आलेलं, अक्का हे घरच्या कानडीतून. थोडक्यात बाई दोन भाषांमधून बहीण होत्या. मूळच्या जयसिंगपूरच्या, लग्न केलेलं नाही, आणि आखातातल्या एका इस्पितळात अठरा वर्षं काढून नव्वदच्या सुमाराला कोल्हापुरात परतलेल्या. तिकडे नोकरीला निघालेल्या नर्स मुलींना त्या घरी बोलण्यापुरती अरबी शिकवत. मी गडमुडशिंगीहून बसने यायची. निवड झाली होती, पासपोर्ट हातात होता, आणि आईला सोडून राहणं आपल्याच्यानं होईल का या विचाराने घास उतरत नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अक्कांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं, असं मला पुढे कळलं.

शिकवणीची सुरुवात वारांपासून. "गोळी कवा घ्यायची ते पेशंटाला चुकीचं सांगितलं, तर बाकीची अरबी घेऊन काय करतीस?" कोल्हापुरात वारांच्या पेठा आयत्याच होत्या, त्यामुळे फळ्यावर निम्मं शहर उभं राही. रविवार पेठ म्हणजे अहद, मंगळवार पेठ सुलासा, बुधवार पेठ अर्बिआ. गुरुवारी त्या स्वतः नृसिंहवाडीला जात, म्हणून खमीसच्या पुढे त्यांनी देवळाचा कळस काढलेला. "आपल्याकडं मंगळ, बुध असं आभाळातलं गिऱ्हं हाईत. त्यांनी नुसतं मोजलंय. अहद एक, इस्नैन दोन, सुलासा तीन, अर्बिआ चार, खमीस पाच."

"मग शुक्रवार सहा?" मी विचारलं.

"न्हाय. तिथं मोजणी थांबली." अक्कांना हाच प्रश्न हवा असे. त्या खडू ठेवून खुर्चीत बसत. "पूर्वी त्या वाराला निराळंच नाव हुतं म्हणत्यात. मग त्या दिवशी लोक गोळा व्हायला लागले आणि हे नाव पडलं. यौम म्हंजे दिवस. यौम अल-जुमुआ, जमायचा दिवस. आपलं जमा, जमाव, जमात समदं त्याच घरातलं. आणि ध्यानात ठेवा, यौम हा बाप्या, जुमुआ ही बाई. दिवस उगवायचं काम त्याचं, माणसं गोळा करायचं तिचं." अलीकडच्या पलीकडच्या घरांत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आम्ही हसायचो.

त्या शब्दाच्या शेवटी एक 'त' असतो. अक्का त्याला 'गाठीतला त' म्हणत. शब्द एकटा असला की तो ऐकूच येत नाही, पण जोडीला पुढे दुसरा शब्द आला की त्याची गाठ सुटते आणि तो बोलायला लागतो. हे सांगून झाल्यावर त्यांनी वर्गातल्या चौदा मुलींमधून नेमकं माझ्याकडे पाहिलं होतं. मला राग आला होता.

शुक्रवारी शिकवणी नसे. दुपारपासून दार सताड उघडं, आणि येईल त्याने जेवायचं. त्या दिवशी त्यांच्या घरात काहीही मोजायचं नाही असा दंडक होता. भाकरी मोजायच्या नाहीत, माणसं मोजायची नाहीत. एकदा एका मुलीने "अक्का, बावीस जणी झाल्या," म्हटलं तर तिलाच कांदे चिरायला बसवलं. अर्थात जेवण कमी पडायचंच. मग जयसिंगपूरचे चुरमुरे परातीत ओतून, वर मिरची-लसणाची खमंग फोडणी घालून, अक्का भडंग करत. मला तर वाटतं, जेवण कमी पडावं अशीच त्यांची इच्छा असे.

आखाताला निघताना त्यांनी मला चुरमुऱ्यांची भली मोठी पिशवी दिली. "शुक्रवारीच फोडायची. एकटीनं खायाची न्हाय," एवढंच म्हणाल्या.

मी ती तीन शुक्रवार फोडली नाही. तिकडे शुक्रवारी सुट्टी. खिडकीखालून गाड्या भरभरून कुटुंबं कुठे कुठे जात, आणि हॉस्टेलच्या बोळात सगळी दारं बंद. चौथ्या शुक्रवारी मी राजीनामा लिहिला. सकाळी देणार होते. तेवढ्यात खाली फोन आला.

"कोण कोण आलंय?" अक्कांनी विचारलं.

"कुणी न्हाई, अक्का."

"दार?"

"लावलंय."

"मग येतील कशी? दार उघड आणि फोडणी टाक. बाकीचं रडणं मागनं." फोन ठेवूनही दिला.

चिडून मी इतक्या मिरच्या टाकल्या की बोळभर खोकला सुरू झाला. शेजारची केरळची सिस्टर नाकाला ओढणी लावून भांडायला आली. तिच्यामागून दोघी फिलिपिनो मुली, आणि मग आमची थोरली इजिप्शियन नर्स, डोळे पुसत. भांडण सुरू होण्याआधी मी परात पुढे केली. अर्ध्या तासाने पाच जणींचं चार भाषांत नाकं ओढणं चाललं होतं. बशा चारच होत्या, म्हणून इजिप्शियन नर्सला मी टेबलावरच्या कागदाचा पुडा करून भडंग दिलं. तो राजीनामा होता. तिने तो तेलकट पुडा चुरगळून टोपलीत टाकला, आणि मी तिथे नऊ वर्षं राहिले.

दर शुक्रवारी फोन येई. "कोण कोण आलंय?" किती आल्या, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी नावं सांगे आणि अक्का एकेक नाव परत म्हणत. मी कायमची कोल्हापुरात परतले, त्यानंतर वर्षभरात एका बुधवारी त्या झोपेत गेल्या. मला आई गेल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

त्यांच्या नावाने जेवण घालायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळ्या जणींनी शुक्रवारच सांगितला. जयसिंगपूरचा भाचा बिचारा आचाऱ्यापुढे वही घेऊन उभा. "ताई, किती पानं धरायची?" तो म्हणाला. तीन-चार आवाज एकदम आले, "मोजायचं न्हाई." त्याने वही मिटली. अपेक्षेप्रमाणे जेवण कमी पडलं. मी परात घेतली. फोडणीचा धूर बरा असतो, डोळ्यांचं कारण कुणी विचारत नाही.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. रिक्षावाला आतल्या मुलीला म्हणाला, "ही बघा जुमुआ पेठ." खांद्याला पिशवी, हातात नवी कोरी वही. वयाने बहुतेक मी तेव्हा होते तेवढीच असेल.

"सिस्टरअक्कांची शिकवणी इथंच हाय का?" तिने विचारलं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं.

"हाय की," मी म्हटलं. "पण आज शुक्रवार. आज नुसतं जेवायचं. रिक्षावाल्या पावण्यांना पण बोलाव, रिक्षा राहू दे तिथंच. आणि रविवारी ये, एकपासून सुरू करू."