उभ्या गाडीवरून पडलेला माणूस

मी भूल देते. चाकण ते भोसरी या पट्ट्यातल्या चार-पाच छोट्या हॉस्पिटलांत मला बोलावतात आणि मोशीच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालत मी स्कूटरवरून पोचते. ऑपरेशन झालं की पेशंट सर्जनच्या पाया पडतो. मला फक्त विचारतो, "मॅडम, मी काही बडबडलो नाही ना?" या धंद्यात माणूस चिडका होतो. मी तर आधीपासूनच होते.

चाकणात हसायच्या गॅसचा बोलबाला झाला तो एका फिटरमुळे. नायट्रस ऑक्साइड म्हणजे काही फार विनोदी प्रकरण नाही. दुखणं कमी होतं, जरा हलकं वाटतं, बस. पण निखळलेला खांदा बसवून घेताना या गृहस्थाने आम्हा सगळ्यांना बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळालाही जेवूनच जा म्हणून गळ घातली. पुढच्या आठवड्यात खरोखर पत्रिका आल्या. घड्याळाची वेगळी होती. तेव्हापासून त्याच्या कंपनीतला जो तो खरचटलं तरी गॅस मागायला लागला.

त्यामुळे एका सकाळी त्याच कंपनीचे तिघे जण चौथ्याला धरून आले आणि "मॅडम, तो गॅस द्या" म्हणाले, तेव्हा मला नवल वाटलं नाही. चौथा चाळिशीचा, लातूरकडचा. उजवा खांदा निखळलेला. भर उन्हाळ्यात डोक्याला भुवयांपर्यंत ओढलेली लोकरीची कानटोपी.

"कसं झालं?" मी विचारलं.

"गाडीवरून पडला," तिघांमधला वयस्कर म्हणाला. तो तिथल्याच गावचा. बाकीचे त्याला मामा म्हणत होते.

"किती वेगात होती?"

"उभी व्हती."

मी पेन खाली ठेवलं. स्टँडवर लावलेल्या मोटरसायकलवरून माणूस कसा पडतो ते मामांनी मला हातवारे करून दाखवलं. दोनदा दाखवलं आणि दुसऱ्यांदा तो भलत्याच बाजूला पडला.

"डोक्याला लागलंय?"

"न्हाई," तिघंही एका सुरात म्हणाले. शाळेत पाढे म्हणतात तसं.

"मग टोपी?"

"टक्कल हाय त्याला. लाजतो."

इथे माझी चूक झाली आणि ती मी कबूल करते. टोपी काढायला हवी होती. पण हाडांचे डॉक्टर हातमोजे घालून तयार होते, "दोन मिनिटांचं काम आहे, द्या गॅस" म्हणत होते आणि भोसरीहून मला दोन फोन येऊन गेले होते. मी पेशंटला टेबलावर घेतलं, निळ्या सिलिंडरची चावी उघडली, मास्क हातात घेतला.

"मॅडम," तो म्हणाला, "मिक्सर वाटले का हो?"

"कसले मिक्सर? शांत पडा."

तो शांत पडला. मी मास्क जवळ नेला.

"मॅडम, मिक्सर वाटले का हो?"

"आत्ताच विचारलंत ना?"

"मी? नाही बा." त्याने छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदाच बघतोय अशा आदबीने म्हणाला, "नमस्कार मॅडम. मिक्सर वाटले का हो?"

मी मास्क बाजूला ठेवला आणि टोपी ओढली. आत जंगलासारखे दाट केस होते आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

बाहेर जाऊन मी त्या तिघांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग खरं बाहेर आलं. कंपनीच्या गेटवर एक बोर्ड आहे, 'अपघाताविना दिवस'. ठरलेला आकडा पूर्ण झाला की प्रत्येकाला एक मिक्सर मिळणार होता आणि तो दुसऱ्याच दिवशी पूर्ण होत होता. मामांनी तर त्या भरवशावर घरातला जुना मिक्सर मेहुणीला देऊनही टाकला होता. रोज सकाळी शिडीवर चढून आकडा बदलायचं काम या चौथ्याचं. त्या दिवशी आकड्याबरोबर सेल्फी काढावा म्हणून त्याने हेल्मेट काढलं, फोन वर धरला आणि शिडी सरकली.

"म्हणजे अपघात झाला नाही हे लिहिताना अपघात झाला?" मी विचारलं.

"व्हय," मामा म्हणाले. "पन त्यानंच सांगितलं, कुनाला बोलू नका म्हनून."

मी त्यांना समजावलं. डोक्याला मार लागला असेल तर हा गॅस मेंदूवरचा दाब वाढवू शकतो. कवटीला तडा जाऊन आत हवा शिरली असेल, तर हा गॅस त्या हवेत घुसतो आणि ती फुगत जाते. बाहेर पडायला वाट नसते. मामांच्या चेहऱ्यावरचा मिक्सर तिथेच उतरला.

त्याला अँब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सोबत मीच गेले. वाटेत त्याने अकरा वेळा मिक्सरचं विचारलं आणि अकराही वेळा मी उत्तर दिलं, न चिडता. सीटी स्कॅनच्या फिल्मवर, कपाळाच्या हाडामागे, दोन-तीन काळे ठिपके होते. हवा. मी फिल्म धरून उभी राहिले. सिलिंडरची चावी मी उघडलेली होती. मला फार भीती वाटली आणि स्वतःची लाज वाटली. खांदा तिथे सांध्यात बधिर करायची सुई देऊन बसवला. आठवडाभर त्याला नुसतं निजवून ठेवलं आणि ठिपके आपोआप विरून गेले. कंपनीला फोन त्याच दुपारी मामांनी केला. बोर्डावर शून्य लागलं. मिक्सर कुणालाच मिळाला नाही.

अडीच महिन्यांनी तो बायकोला घेऊन मला भेटायला आला. सोबत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती.

"खलबत्त्यात कुटलीय," बायको त्याच्याकडे बघत म्हणाली. "मिक्सर कुठला आता."

मी त्याला विचारलं, आता बोर्डावरचा आकडा कोण बदलतं?

"मीच की. हेल्मेट घालून."

"आणि शिडी?"

"ते तिघं धरतात, मॅडम. मामा तर सोडतच नाहीत. मी आकडा लावून खाली येतो, बाजूला उभा राहतो, तरी ते आपले शिडी धरून वर बघत असतात."