सुदेशच्या नावाचा नारळ

आचऱ्याच्या खाडीकाठी आमची वाडी. ओहळावरच्या साकवापर्यंत, म्हणजे छोट्या पायपुलापर्यंत, गाडी येते. पुढे माणसाचा खांदा. त्या खांद्यावर सुदेश वर्षानुवर्षं गॅसचा सिलिंडर आणायचा. नुसता ठेवून निघायचा नाही. नळीला साबणाचा फेस लावून गळती बघायचा, शेगडी पेटवून दाखवायचा, मगच घोटभर पाणी मागायचा. सुगंधाकाकीची उंदराने कुरतडलेली नळी त्यानेच पकडली होती.

काकी एकटी, पण ताठ. जुना साकव वाहून गेला, तेव्हा माडाचं खोड आडवं टाकायला तीच पहिली पाण्यात उतरली होती.

एकदा सुदेश म्हणाला, "काकी, फुडल्या म्हयन्यापासून दुसरो येतलो. तो सिलिंडर साकवार ठेवतलो. शेठ म्हणतत, माका येळ लागता."

दुसऱ्या दिवशी काकीने ठेवणीतली साडी नेसली, नारळ घेतला आणि चालत बाजार गाठला. गॅसच्या दुकानात रांग होती. काउंटरवर मालक दत्तप्रसाद.

"काय गो काकी, काय तक्रार?"

"तक्रार नाय. सुदेश बरो आसा, ता सांगूक इलंय. तेका बदलू नको."

"बरो आसा तर काय देव्हाऱ्यात बसवू?"

रांग हसली. काकीने नारळ काउंटरवर ठेवला आणि हात जोडले. आमच्याकडे देवासमोर नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो तो गावचा मानकरी, गावकर; बाईमाणूस नाही. आणि त्याला 'व्हय म्हाराजा' म्हटलं, की म्हणणारा शब्दाला बांधला जातो. पण जन्मभर कानांनी प्यालेलं ते गाऱ्हाणं काकीच्या ओठांवर आपसूक आलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो सुदेश खांद्यार ओझा घेवन साकव वलांडता, म्हाताऱ्यांचे जीव राखता, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रांगेतून आलं. आता कोणी हसत नव्हतं.

"तेका येळ लागता, तो आमच्यासाठी लागता, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका आमच्याच वाटेर ठेव, आणि ठेवणाऱ्याचा बरा कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यातला सगळ्यात जाड आवाज दत्तप्रसादचा होता. लहानपणापासून देवळात उभा राहिलेला माणूस. 'रे म्हाराजा' ऐकलं की हात जुळणार, तोंड उघडणार. बोलून गेला आणि जीभ चावली.

"काकी, ही फसवणूक झाली!"

"देवासमोर तोंडान व्हय म्हटलंस, दत्तप्रसादा. आता फिरव बघूया."

दत्तप्रसादने नारळ उचलला. दुकानाच्या पायरीवर जाऊन देवाच्या नावाने फोडून आला.

पुढच्या महिन्यात साकवावर ओळखीची पावलं वाजली.

"काकी, शेठ इचारतत, तुका गाऱ्हाणा घालूक कोणी शिकवल्यान?"

"तू आदी नळी बघ," काकी म्हणाली.