झुंबरबाईंची सही

अमडापूरच्या बाजारात मेथी विकणाऱ्या झुंबरबाईंना सही करायला चांगलं पाऊण मिनिट लागतं. पंचवीस वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात त्या सही शिकल्या आणि तेव्हापासून त्यांनी कुठेही अंगठा म्हणून लावलेला नाही. बँकेत मागे रांग खोळंबली तरी ‘झुं’वरचा अनुस्वार गोल झाल्याशिवाय बाई पुढे सरकत नाहीत.

लोकसभेच्या मतदानाला त्या बाजार आवरून, तीनच्या उन्हात गेल्या. यादीवाला कर्मचारी म्हणाला, “आजी, तुमचं मत तर सकाळीच झालं.”

“माह्यं बोट तं कोरं आहे,” असं म्हणत त्यांनी ते बोट त्याच्या चष्म्यापर्यंत नेलं. त्याने रजिस्टर फिरवून दाखवलं. झुंबरबाईंच्या नावापुढे निळा अंगठा होता.

पुढचं अर्ध्या गावाने ऐकलं. “मत नेलं तं नेलं, वरून मले अंगठाछाप केलं?”

केंद्राध्यक्षांनी पाणी पाजलं, नियम शोधला आणि कागदी मतपत्रिका दिली. बाईंनी शिक्का मारला आणि तो कागद लिफाफ्यात बंद झाला.

मतमोजणीला यंत्रातली मतं मोजली. लिफाफा कोर्टाने सांगितलं तरच उघडतात म्हणे. आता ऐका. आमच्याकडचा निकाल लागला सतरा मतांनी, आणि मतदारसंघात असे बंद लिफाफे एकवीस. म्हणजे जिने दुसऱ्याच्या नावावर अंगठा उठवला तिचं मत दिल्लीपर्यंत पोचलं आणि खऱ्या बाईचं मत कपाटात पडलं. बरं, अंगठा काही कोणी उसना आणत नाही. शोधला तर सापडेल. पण शोधायचाय कोणाला? जिंकलेले म्हणतात, निकाल लागला, आता विषय संपला. हरलेल्यांना लोकशाही आठवली ती निकालाच्या संध्याकाळी.

त्या हरलेल्यांचा गजेंद्र परवा प्रतिज्ञापत्र घेऊन बाईंच्या पालापाशी आला. मतदानाच्या दिवशी केंद्रात पक्षाचा एजंट म्हणून हाच बसला होता.

“मावशी, कोर्टात जाऊन राह्यलो आपण.”

“तू तं तिथंच बसेल होता. तुह्यासमोर कोनं लावला अंगठा?”

“मी तवा नाश्त्याले गेलो होतो.”

“वाच काय लिवलं ते.”

गजेंद्रने वाचलं. तिसऱ्या ओळीत होतं की बाईंनी मत त्याच्याच साहेबांना दिलं होतं.

“हे तुले कोनं सांगतलं?”

“अंदाज आहे, मावशी. आमच्या सभेले तुमी पुढंच बसता.”

“तिथं सावली असते बे. खोड ते ओळ.”

“खोडली तं साहेबाले काय फायदा? लिफाफ्यातून दुसऱ्याचंच निघालं तं?”

“निघन तं निघन. मी माह्यं मत मोजाले सांगून राह्यली, तुह्या साहेबाचं नाई.”

गजेंद्रने पेन काढला. मग त्याने ओळ खोडली आणि सवयीने खिशातून शाईचा पॅड काढून बाईंसमोर उघडला.

बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने झाकण लावलं आणि पेन पुढे केला. बाईंनी पदराला हात पुसले, कागद तराजूच्या पारड्यावर ठेवला आणि सुरुवात केली.

“मेथी कशी दिली, मावशी?” एका गिऱ्हाइकाने विचारलं.

“थांब जरा,” मान वर न करता बाई म्हणाल्या, “सही चालू आहे.”